‘हौस’ म्हणून पैसे कापू नका: दिवाळी बाजाराच्या आधी थोडा हिशोब



पोस्ट मोठी आहे आणि काहींना झोंबणार आहे. मलाही लिहिताना झोंबली, कारण यात मी स्वतःही दोषी आहे.

आपल्या गावातला दिवाळी बाजार जवळ आला. शाळेचा हॉल, पंधरा-वीस टेबलं, कंदील, रांगोळीचे साचे, पैठणीच्या पर्सेस आणि अर्थातच फराळ. गेल्या आठवड्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय: “अगं, त्या चकलीवाल्या वहिनींचा स्टॉल यंदा यादीत दिसत नाही. बऱ्या आहेत ना?”

बऱ्या आहेत. स्टॉल मात्र लावणार नाहीत. कारण मला माहीत आहे, कारण त्यांचा हिशोब मीच मांडून दिला होता. त्यांच्या परवानगीने तो इथे देते. नाव देत नाही.

मी सीए आहे. वीस वर्षं लोकांचे ताळेबंद बघते. पण मागच्या दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी डायनिंग टेबलावर केलेला हा हिशोब मी विसरू शकत नाही. स्टॉलवर चार पदार्थ होते, आम्ही फक्त चकलीचा घेतला. दहा किलो चकली, पाव किलोची चाळीस पाकिटं.

खर्च असा: भाजणीचं धान्य, डाळी, धणे-जिरे मिळून १६ पौंड. तेल १२. तीळ, ओवा, तिखट, लोणी ७. पाकिटं आणि लेबलं ८. गॅस-वीज ५. टेबलाचं भाडं ४० पौंड, त्यातला चकलीचा चौथा हिस्सा १०. विम्याचा हिस्सा ४. पेट्रोल आणि पार्किंग ६. एकूण ६८ पौंड.

आता वेळ. सामान आणणं दीड तास. धुणं, वाळवणं, भाजणं, दळणं तीन तास. मळणं, सोऱ्याने पाडणं, तळणं नऊ तास. (ज्यांनी कधी दहा किलोचे घाणे काढलेत त्यांना विचारा, नऊ कमीच आहेत.) पाकिटं भरणं, लेबलं चिकटवणं दोन तास. स्टॉलवर उभं राहण्याचे सहा तास, त्यातला चकलीचा हिस्सा दीड. तेलकट स्वयंपाकघर घासणं एक तास. एकूण अठरा तास.

विक्री? पाकिटावर किंमत होती ४ पौंड. चाळीसपैकी चार पाकिटं “चव बघू” मध्ये गेली. उरली छत्तीस. त्यातली अर्धी चारला गेली. अर्धी “अहो वहिनी, आपल्यात कसले चार, तीन घ्या” करत तीनला. गल्ल्यात आले १२६ पौंड. खर्च वजा जाता ५८.

५८ भागिले १८. तासाला ३ पौंड २२ पेन्स.

तेव्हा या देशात एकवीस वर्षांपुढच्या कामगाराचं किमान वेतन तासाला ११.४४ पौंड होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते १२.२१ झालं. स्वतःचा धंदा करणाऱ्याला हा कायदा लागू नाही, ते मला माहीत आहे. पण तुलना करायला कायद्याची परवानगी लागत नाही.

कॅल्क्युलेटरवरचा आकडा बघून ती काही बोलली नाही. मग हसून म्हणाली, “जाऊ दे गं, हौस आहे.”

मला या शब्दाबद्दलच बोलायचं आहे.

‘हौस’ हा आपल्या भाषेतला किती गोड शब्द. हौसेला मोल नाही म्हणतो आपण. आणि मग ते शब्दशः खरं करतो. बाईने घरी बसून काही केलं आणि विकायला ठेवलं की त्याला धंदा म्हणायला आपली जीभ रेटत नाही. “हौसेने करते.” “वेळ जातो तिचा.” “नवऱ्याची चांगली नोकरी आहे, तिला कुठे पैशाची गरज?” एकदा हौस म्हटलं की मजुरी द्यायला नको. चार पौंडांतले एक-दोन पौंड सामानाचे दिल्यासारखे द्यायचे आणि उरलेल्याची भरपाई कौतुकाने करायची. “काय खुसखुशीत झालीय हो!” त्या कौतुकाने गॅसचं बिल भरता येत नाही.

नवऱ्याचा पगार हा बायकोच्या वस्तूची किंमत ठरवायचा निकष कधीपासून झाला? माझ्या क्लायंटनी मला कधी विचारलं नाही की तुमचा नवरा काय कमावतो, त्याप्रमाणे तुमची फी कमी करा. तुमच्या प्लंबरला विचारता का?

आता माझा दोष सांगते. दोन वर्षांपूर्वी याच बाईच्या टेबलासमोर मी सहा पाकिटं उचलली आणि म्हणाले, “सहाचे वीस करा ना.” चोवीसचे वीस. तिने केले. मी खूश. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी मला “रिटर्न एकदा नजरेखालून घाला, पाच मिनिटांचं काम आहे” म्हणून मेसेज केला होता आणि मी घरी येऊन अर्धा तास चिडचिड केली होती, की लोकांना आपल्या कामाची किंमतच नाही! ही दोन माणसं एकच आहेत हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि एक मुलगी लागली.

मुलगी म्हणजे माझी लेक, तेरा वर्षांची. मागच्या वर्षी तिने आणि तिच्या मैत्रिणीने मण्यांच्या ब्रेसलेटचं टेबल लावलं होतं, चकलीच्या टेबलाला लागूनच. ब्रेसलेट ३ पौंडांना, करायला पंधरा मिनिटं. सगळी संपली. घरी येताना गाडीत ती म्हणाली, “आई, माझ्याकडे कोणीच कमी करा म्हणालं नाही. उलट दोघांनी सुट्टे परत घेतले नाहीत. काकूंकडे मात्र सगळे कमी करा म्हणत होते. त्यांचं तर जास्त कष्टाचं आहे ना?”

मी म्हणाले, “तुम्ही लहान आहात, म्हणून कौतुक.”

ती म्हणाली, “म्हणजे मोठी झाल्यावर मला पण कमी देणार?”

आईबाबा लोकहो, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवा. आपण मुलांना मराठी शाळेत नेतो, गणपतीत लेझीम शिकवतो, संस्कार संस्कार म्हणतो. त्याच हॉलमध्ये, त्याच मुलांच्या देखत, आपण त्यांना दाखवतो की आईच्या वयाच्या बाईचं काम घासाघीस करण्याचं असतं. मुलं भाषणांपेक्षा हे जास्त नीट शिकतात. मुलगेही शिकतात, हे विसरू नका.

आता तुमचे मुद्दे. मला ते पाठ आहेत, कारण त्यातले निम्मे माझे होते.

“महागाई आम्हालाही आहे.” आहेच. मग चार पाकिटांऐवजी दोन घ्या. कमी घेणं यात काही गैर नाही. चार घेऊन तिघांचे पैसे देणं गैर आहे.

“भारतातून आलेलं पाकीट दुकानात दीड-दोन पौंडांना मिळतं.” मिळतं. ते कारखान्यात, मशीनवर, टनांनी बनतं. तेच आवडत असेल तर खुशाल तेच घ्या. पण तुम्ही बाजारात येता कारण तुम्हाला घरच्या भाजणीची, लोण्याच्या मोहनाची, आजीच्या हातासारखी चकली हवी असते. चव घरची आणि भाव कारखान्याचा, हे जगात कुठेच मिळत नाही. इथेही तोवरच मिळतं, जोवर कोणीतरी बाई आपले अठरा तास फुकट घालते.

“आपल्याच माणसांत धंदा कसला करायचा?” आपल्या माणसाला पूर्ण पैसे द्यावेत, परक्याकडे हवी तर घासाघीस करावी, असं का नाही वाटत आपल्याला? उलटं का वाटतं? हाय स्ट्रीटवरच्या कॅफेत केकचा तुकडा आणि कॉफी यांचे आठ पौंड आपण मुकाट्याने मशीनला कार्ड टेकवून देतो. तिथे “आठचे सहा करा” म्हणायची आपली छाती नाही. छाती फक्त वहिनींसमोर फुगते.

“घासाघीस आपल्या संस्कृतीत आहे.” मंडईत असेल. पण आपल्याच संस्कृतीत दुसरंही आहे, ते आठवा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तेच पुढे लिज्जत झालं. पापड घरच्या बाईचाच, लाटणं घरचंच. फरक एवढाच की तिथे लाटण्याची मजुरी किलोमागे ठरली, आणि लाटणारी बहीण संस्थेची भागीदार झाली, नफ्यात तिचा वाटा आला. त्यातल्या एक जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांसाठी. त्या बायका वर्षानुवर्षं रांधत होत्या, सावकाराचं कर्ज फेडत होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, कारण कोणीतरी त्यांच्या चुलीला व्यवसाय म्हणालं. पोळ्या त्याच होत्या.

साठ वर्षांपूर्वी गिरगावातल्या चाळीत जे कळलं ते आपल्याला, सेमी-डिटॅच्ड घरात राहून, दोन-दोन डिग्र्या घेऊन कळत नसेल तर अवघड आहे.

“पण घरगुती मालाची खात्री काय?” हा मुद्दा मात्र खरा आहे, आणि इथे मी खरेदीदारांच्या बाजूने आहे. म्हणून आता विकणाऱ्या मैत्रिणींशी बोलते. तुम्हीही काही कमी नाही आहात.

एक. नोंदणी करा. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर आपल्या कौन्सिलकडे सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी करायची असते. फुकट आहे, ऑनलाइन होते. अधिकारी स्वयंपाकघर बघायला येऊ शकतात. येऊ देत. आपली स्वयंपाकघरं दाखवण्यासारखीच असतात.

दोन. लेबल लावा. ऑक्टोबर २०२१ पासून इथे जो कायदा आहे तो नताशा एडनन-लापेरूज या पंधरा वर्षांच्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. २०१६ मध्ये तिळाच्या ॲलर्जीने ती गेली, कारण पाकिटावर तीळ लिहिलेले नव्हते. तीळ! आपल्या चकलीत काय असतं? स्वतः भरून स्टॉलवर ठेवलेल्या पाकिटावर सगळे घटक लिहायचे, आणि ठरवून दिलेल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांपैकी जे असतील ते ठळक. चिवड्यात शेंगदाणे, लोणच्यात मोहरी, करंजीत मैदा आणि दूध. आणि हिंगाची डबी उलटी करून वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. “सगळ्यांना माहितीच आहे” हे चालणार नाही. आपल्या मुलांचे इंग्रज मित्रही बाजारात येतात.

तीन. कर. ६ एप्रिल ते ५ एप्रिल या वर्षात तुमची एकूण विक्री १,००० पौंडांपर्यंत असेल तर सहसा त्याबद्दल काही कळवावं लागत नाही. लक्षात घ्या, विक्री, नफा नव्हे. त्यापुढे गेलात तर वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरच्या आत सेल्फ असेसमेंटसाठी नोंदणी करा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पावत्या एका डब्यात टाकत जा, इतकंच. आणि तुमच्या व्हिसावर स्वतःचा धंदा करता येतो का ते आधी बघा. विद्यार्थी व्हिसावर येत नाही.

चार, आणि हे नाजूक आहे. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई किंवा आई यांच्या हातांवर स्टॉल उभा करू नका. व्हिजिटर व्हिसावर काम करायला परवानगी नाही. आणि नियम बाजूला ठेवला तरी, नातवंडांना भेटायला आलेल्या सत्तरीच्या बाईला बारा दिवस सोऱ्यासमोर बसवून जी किंमत परवडते, ती किंमत खरी नाही. पुढच्या वर्षी त्या नसतील तेव्हा काय करणार?

पाच. तास लिहा. चिमूटभर हिंगाचा हिशोब ठेवता आणि स्वतःचे अठरा तास कुठेच लिहीत नाही. फ्रिजवर एक कागद लावा. सुरू केलं किती वाजता, संपलं किती वाजता. मग किंमत ठरवा. माझ्या मैत्रिणीच्या हिशोबात, सामानाचा भाव तोच धरून आणि तासाला २०२५ चे १२.२१ लावून, पाव किलो चकलीची किंमत ८ पौंड येते. मला माहीत आहे, वाचून तुम्ही दचकलात. मीही दचकले. आठला विकली जाणार नाही कदाचित. मग मोठा सोऱ्या घ्या, एकच पदार्थ करा, आधी ऑर्डर घ्या, दोघी मिळून टेबल घ्या. जे जमेल ते करून तो आकडा खाली आणा. पण तुमचे तास शून्य धरून आणू नका. आणि कोणी किंमत विचारली की “द्या काय द्यायचं ते” म्हणू नका. शेजारच्या टेबलावरची बाई त्याने मारली जाते.

आयोजकांनाही दोन शब्द. तुम्ही स्वयंसेवक आहात, रात्र रात्र जागता, हे मी जाणते. पण गाडीभर तयार माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला आणि घरून पन्नास पाकिटं आणणाऱ्या बाईला एकच ४० पौंड भाडं लावू नका. “कार्यकर्त्यांसाठी एक-एक प्लेट पाठवा” म्हणू नका, विकत घ्या. नोंदणी आणि लेबल असल्याशिवाय टेबल देऊ नका. आणि दारात एक पाटी लावा, साध्या मराठीत: किंमत लिहिली आहे तीच. त्यामुळे विकणाऱ्या बाईला स्वतः तोंडाने “नाही” म्हणावं लागणार नाही. आपल्यात वाढलेल्या बाईला ते म्हणणं किती जड जातं, हे तुम्हाला-मला माहीत आहे.

आता चकलीवाल्या वहिनींचं सांगते आणि थांबते.

सांगलीला बँकेत होत्या. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्या, दोन मुलं झाली, नऊ वर्षांची गॅप पडली. स्टॉल ही त्यांची हौस नव्हती. पुन्हा कमावायला लागण्याची ती पहिली पायरी होती. त्यांनी आमच्यापैकी कोणाला तसं सांगितलं नाही, कारण आपल्यात बाईने पैसे हवेत असं सरळ सांगणं बरं दिसत नाही. आम्ही त्यांची ती पायरी एक-एक पौंडाने उपटली. त्यात माझे चार पौंड आहेत.

जानेवारीपासून त्या एका गोदामात संध्याकाळच्या शिफ्टला जातात. दुसऱ्यांच्या मालाची पाकिटं भरतात. तिथे त्यांना वहिनी कोणी म्हणत नाही. पण तासाचे पूर्ण पैसे मिळतात, आणि महिन्याच्या शेवटी हातात पगाराची स्लिप येते. मला ती त्यांनी दाखवली, फोनवर फोटो काढून. खूप दिवसांनी त्यांना इतकं मोकळं हसताना बघितलं.

मी त्यांना विचारलं, पुढच्या वर्षी स्टॉल लावाल का? म्हणाल्या, “बघू. आठला घेणार असाल तर.”

मी त्यांच्याकडे पुढच्या दिवाळीची सहा पाकिटं आत्ताच सांगून ठेवली आहेत. अठ्ठेचाळीस पौंड. दोन वर्षांपूर्वीचे चार वेगळे.

शनिवारी बाजारात भेटूच. पर्समध्ये सुट्टे घेऊन या, आणि पाकिटावरची किंमत वाचून तेवढेच द्या. मुलांना बरोबर आणा. त्यांच्या देखत द्या.